खटक्यामागचं पाणी

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. मी आता जुना झालो, अंगावरचा पिवळा रंग उडाला, एक चाक लंगडं झालं, तरी वायर बोर्डात गेली की माझ्या अंगात वारं शिरतं. मी पाण्याच्या जोरानं भिंती धुणारा पंप. लोक मला नुसतं ‘मशीन’ म्हणतात आणि मी तेही चालवून घेतो.

कारखान्यातून निघालो तो थेट जालन्याच्या एका वॉशिंग सेंटरवर आलो. ट्रॅक्टरच्या चाकांतला चिखल मी असा उडवायचो की बघणारे दोन पावलं मागं सरायचे. “काय जोर हाये याला!” हे ऐकलं की मला आणखी चेव यायचा. पण तिथला मालक काम संपलं की मला बंद करून सरळ चहाला जायचा. पाईपात कोंडलेलं पाणी रात्रभर आतून ढुशा देत राहायचं. शेवटी माझे वायसर फाटले आणि मी जुन्या टायरांमागं जाऊन पडलो. धावायची सवय असलेल्याला कोपरा म्हणजे काय शिक्षा असते, ते तुम्हाला सांगायला नको.

तिथून मला अंबडच्या राजानंदनं उचललं. नवे वायसर टाकले, तेल बदललं आणि घरं बाहेरून धुवायचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकांचा प्रश्न गावोगाव एकच असायचा, “पाणीच तर मारायचं, त्याला एवढा खर्चा कशाचा?” खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. जोर माझा, पाणी टँकरचं, मग हा माणूस करतो काय? तर हा आधी मीटरला आणि बटणांना प्लास्टिक बांधायचा, साबणाचं पाणी शिंपडायचा, शेवाळ मऊ होईपर्यंत थांबायचा, ब्रश मारायचा आणि मग कुठं लांबून, पसरट धारेनं मला सोडायचा. तोवर माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

मग आम्ही हसनाबादला गेलो. कारभारींच्या मुलीचं, मोनिकाचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि दुमजली घराचं तोंड पावसाच्या ओघळांनी काळं पडलं होतं. राजानंदचा आकडा ऐकून कारभारींनी कपाळाला आठ्या घातल्या.

“साबण-बिबण बिलकुल नको. मशीन फुल्ल सोड अन् मोकळा हो. अर्ध्यात बसव.”

“काका, अर्ध्यात नुस्तं जोराचं पाणी बसतं. रंग निघंल, मंग मला बोलू नका.”

“निघू दे. उद्या पेंटर येऊन राह्यला नावं टाकायला.”

कामं कमी होती, राजानंद तयार झाला. बारीक धारेचं तोंड लावलं आणि माझा आनंद गगनात मावेना. थांबणं नाही, ब्रश नाही. बाजूची भिंत मी बघता बघता पांढरी केली. रंगाचे पोपडे खाली पडत होते, पण मला त्याचं काय?

नंतर दारालगतची भिंत आली. या घरात लग्न निघालं की नवरा-नवरीचं नाव त्याच जागेवर लिहायची रीत होती. काळपट थराखालून निळी अक्षरं डोकावत होती : चि. अंगद, चि. सौ. कां. इंद्रायणी. अंगद कारभारींचा थोरला मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो आजारानं गेला. माझ्या पहिल्याच फटक्यात नावाभोवतीची रंगवलेली वेल गेली. दुसरा फटका बसणार तेवढ्यात घरातून इंद्रायणी धावत आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. राजानंदनं हातातल्या नळीचा खटका सोडला, तशी धार थांबली.

“पोरी, सरक,” कारभारी म्हणाले. “मोनिकाचं नाव कुठं लिहायचं मंग?”

“लिहा ना, मामा. मी कुठं न्हाई म्हणून राह्यले? पण ह्ये नाव मशीननं उडवू नका. काढायचंच असंल तर मी माझ्या हातानं काढते.”

मी तर घरघरतच होतो. पाईप ताठ झाला होता आणि आतलं पाणी धडका देत होतं. मला पुढं जायचं होतं, लगेच जायचं होतं. पण राजानंदचं बोट हललं नाही. त्यानं मला बंदच करून टाकलं.

“कामून बंद केलं?”

“ही भिंत हातानं धुवा लागंल, काका. त्याला येळ लागतो. मी पहिले सांगितले ते पैसे त्या येळाचेच होते.”

त्यानं साबणाच्या पाण्याची बादली पुढं ठेवली. इंद्रायणीनं स्पंज घेतला आणि पुसायला लागली. काळा थर गेला, अक्षरं मात्र निळीशार वर आली. ती पुन्हा पुन्हा त्यावरून हात फिरवत होती, पण जोर काही देईना. मोनिका येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. तिनं हळूच वहिनीचा हात धरला.

“वहिनी, राहू दे. भाऊच्या खाली जागा हाये की. माझं तिथं लिहू.”

पोरगा गेला तेव्हा कारभारी रडले नव्हते. पाहुणे, दवाखाना, शेत, सगळं त्यांनीच निभावून नेलं होतं. आता ते ओट्यावर बसले आणि टोपी तोंडाशी धरून लेकरासारखे रडले. त्यांना कोणी गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “राजानंद, बाकीचं बी सावकाश धू. तू पहिले सांगितला तो खर्चा देतो.”

राजानंद माझ्याजवळ आला. मी बंद होतो, तरी पाईप अजून ताठच होता. त्यानं रोजच्या सवयीनं खटका एकदा दाबला. कोंडलेलं पाणी फुस्स करून जमिनीवर गेलं आणि मी सैल झालो.

मित्रांनो, घर धुवून घ्याल तेव्हा घासाघीस जरूर करा, पण पैसे कशाचे ते आधी ऐकून घ्या. आणि माझ्यासारखं कोणी तुमच्या घरी असेल तर एवढं सांभाळा. बंद केलं म्हणजे आतला दाब गेला असं धरून चालू नका. खटका एकदा दाबा आणि अडकलेलं पाणी वाहून जाऊ द्या.