फुलांच्या काट्यावर मोजलेली भाकर

सत्यवती गेल्याचं भगवंतला कळलं तेव्हा तो अमरावतीच्या फूलबाजारात झेंडूची पोती उतरवत होता. अकोल्याच्या दवाखान्यातून मुलीचा, प्रणालीचा फोन आला. "बाबा, आई गेली." स्वादुपिंडाला सूज आली होती.

शेजारच्या व्यापाऱ्यानं विचारलं, "काय झालतं वहिनीले?"

"शुगर."

"येवढ्या बारीक बाईले?"

"चोरून खात होती," भगवंत म्हणाला. बायकोला जाऊन तास झाला नव्हता आणि हा तिची चुगली करत होता.

चार वर्षं त्याचं हेच चाललं होतं. मोझरीजवळच्या त्यांच्या मळ्यात सत्यवतीसारखी काटक बाई दुसरी नव्हती. हातापायांवर चिमूटभर चरबी नाही, शिरा वर आलेल्या. इन्सुलिन वीस युनिटांवरून ऐंशीवर गेलं तरी साखर हटेना. मग शहाण्या भगवंतनं साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. फुलं तोलायच्या काट्यावर तिची भाकर मोजू लागला. स्वतः फुलांवर पाणी मारून वजन वाढवायचा, म्हणून त्याला सगळं जग लबाड दिसायचं.

"मी काहीच नाही खाल्लं वो," ती म्हणायची.

"मंग शुगर काय हवेनं वाढते?"

दहाव्यानंतर तो दवाखान्याचे कागद आणायला अकोल्याला गेला. डॉक्टर साधना मॅडमनी त्याला खुर्ची दिली.

"काका, त्या चोरून खात नव्हत्या. त्यांच्या हातापायांत चरबीच नव्हती. हा दोष जन्मापासून असतो, वयात आल्यावर दिसतो."

"चरबी नाही तं चांगलंच ना?"

"सगळे असंच समजतात. चरबीतून हार्मोन निघतात. त्यांच्यामुळे लिव्हर आणि स्नायू इन्सुलिनला दाद देतात. चरबी नाही म्हणून ते हार्मोन कमी, मग इन्सुलिन कितीही टोचा. शिवाय खाल्लेलं तेल-तूप साठायला जागा नाही, ते रक्तातच फिरत राहतं. त्यांचं रक्त नळीत दुधासारखं पांढरं दिसत होतं. त्यानंच स्वादुपिंड सुजलं. आमच्याही हे फार उशिरा लक्षात आलं." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. "मुलीलाही असू शकतं. निम्मी शक्यता धरा. मंगळवारी रक्त तपासायला आणा."

तेरवीला भगवंतच्या थोरल्या बहिणीनं, इंदूबाईनं, फोटोपुढे जिलबीचं ताट मांडलं. "घे वं सत्ये, आता पोटभर खाय. जिभेनंच नेलं तुले."

पंगतीत चांदूर रेल्वेची मंडळीही होती. त्यांनी आपल्या मुलासाठी प्रणालीला पसंत केलं होतं, पक्का होकार तेवढा यायचा होता. इंदूबाईला तेवढंच निमित्त पुरलं. "पोरगी मायवरच गेली. अंगावर चरबी म्हणून नाही. धा माणसायचं काम करते."

प्रणाली वरणाची बादली घेऊन वाढत होती. तिच्या हातावरच्या शिरा भगवंतनं पाहिल्या. रोज बघायचा, पण त्या दिवशी पाहिल्या.

"बाई, ते ताट उचल."

"काहून?"

"तिनं चोरून दाणाबी खाल्ला नाही. मीच खोटं बोलत होतो. अंगात चरबी नव्हती म्हणून मेली ते. अन् पोरीचं रक्त तपासाचं हाय."

मुलाचे काका रविकांत मास्तर बी.एस्सी. झालेले. त्यांनी पोटावर थाप मारली. "चरबी नसल्यानं मरते माणूस? मंग मी तं अमर आहो!"

तेरवीच्या पंगतीत माणसं हसली. इंदूबाई सगळ्यांत मोठ्यानं.

पंगत उठल्यावर त्यानं प्रणालीपुढे चिठ्ठी धरली. ती छपरीत गेली, फुलांचा काटा उचलून आणला आणि त्याच्यापुढे आदळला.

"आधी यावर मोजा मले. आईची भाकर मोजत होते ना? आता तुमाले चरबीचं ज्ञान आलं."

"पोरी, चुकलं माझं."

"आईले सांगा." ती भांडी घासायला गेली.

सोमवारी चांदूरहून होकार आला. सोबत निरोप, की ते रक्ताचं कुठं बोलू नका. इंदूबाईनं गावभर पेढे वाटले. मंगळवारी भगवंतनं जीप सांगून ठेवली होती. प्रणाली झेंडू तोडायला गेली, आणि जीप रिकामी परत गेली.

साखरेच्या डब्याचं कुलूप त्यानं काढलं आहे. चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. प्रणालीचं रक्त अजून तपासलेलं नाही.