वाचून दाखवलेलं

फोनमधल्या अण्णांच्या नोट्स नाहीशा झाल्या तेव्हा भार्गवीने आधी स्वतःलाच बोल लावला. भाजीच्या याद्या होत्या, पासवर्ड होते, गॅसवाल्याचा नंबर होता. फक्त अण्णांनी लिहिलेलं तेवढं कुठे दिसत नव्हतं.

"अगं, परवा तुझ्या फोनमध्ये जागा करत होतो ना, तेव्हा चुकून उडालं असेल," तिचा नवरा मोहनकुमार म्हणाला. "सॉरी. पण आता काय, त्यातलं सगळं मी तुला वाचून दाखवलंच होतं."

ते खरं होतं. सगळं त्यानेच वाचून दाखवलं होतं.

अण्णा म्हणजे तिचे सासरे, गुंडूराव. बनशंकरीत देवळाजवळ त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. घरात बोलायचे मराठी, पण शिकले कन्नड शाळेत, त्यामुळे मराठी लिहायचे तीही कन्नड अक्षरांत. अमरावतीहून आलेल्या भार्गवीला याची मोठी गंमत वाटायची. इतकी वर्षं इथे राहून तिच्या तोंडी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच कन्नड आलं होतं. अक्षर तर एकही नाही. "मगळे, तुला पत्रिका छापून दिली तर उलटी धरशील," असं म्हणून अण्णा हसायचे. मगळे म्हणजे लेकी. ते तिला नावाने क्वचितच हाक मारत.

मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गळ्यात नळी बसली आणि दिवसभर बोलणारा माणूस गप्प झाला. कागदावर लिहायला हात थरथरायचा. मोहनने भार्गवीच्या फोनवर कन्नड कीबोर्ड घालून दिला, कारण तिचा स्क्रीन मोठा होता आणि दिवसा हॉस्पिटलात तीच बसायची, मांडीवर लॅपटॉप घेऊन, ऑफिसचं काम करत. अण्णा एका बोटाने सावकाश लिहीत. तिला काही कळत नसे. नर्स बहुतेक केरळच्या, त्यांनाही नाही. फोनला भाषांतर करायला सांगितलं तर तो भलतंच काही सांगे, कारण अक्षरं कन्नड आणि भाषा मराठी. मग संध्याकाळी मोहन आला की तो वाचायचा.

"काय म्हणतायत?" ती विचारायची.

"म्हणतायत, डॉक्टर सांगतील तसं करा. घाबरू नका, मी बरा होणार."

डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की आता फारसं हातात नाही. घरी न्या, नाहीतर अतिदक्षता विभागात मशीनवर ठेवू. भार्गवी म्हणाली होती, "अण्णांनाच विचारू." मोहनने विचारलं, अण्णांनी लिहिलं, मोहनने वाचलं, "लढायचं म्हणतायत." मग पुढचं सगळं तसंच होत गेलं. अण्णा गेले ते नळ्यांच्या गुंत्यात, काचेच्या दारापलीकडे, जवळ कुणी नसताना.

आता त्यांच्या वर्षश्राद्धाला हुबळीहून सुनंदाअक्का येणार होत्या. मोहनची थोरली बहीण. लेकीच्या बाळंतपणात अडकल्यामुळे त्यांना शेवटी येता आलं नव्हतं, ते शल्य होतंच. त्यांनी फोन केला होता, "भार्गवी, अण्णांनी लिहिलेलं ठेवलंयस ना? आले की मी वाचेन हं. त्यांच्या हातचं आहे ते." भार्गवी "हो अक्का" म्हणाली. त्याच आठवड्यात नोट्स गेल्या. अक्कांना काय सांगायचं, या विचाराने तिचं कशातच लक्ष लागेना.

महादेवपुऱ्याच्या ऑफिसात जेवताना तिने शिल्पाश्रीला हे सांगितलं. शिल्पाश्री तिच्या टीममधली, म्हैसूरची. दोघी आपसांत हिंदीत बोलत.

"उडालं म्हणजे लगेच जात नाही गं," शिल्पाश्री म्हणाली. "आण इकडे." तिने ॲपच्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर बोट ठेवलं, खाली सरकवलं, कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं. "हे बघ. महिनाभर इथेच पडून राहतात."

होत्या. सगळ्या होत्या. भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं. शिल्पाश्रीने एकेक नोट परत जागेवर आणली.

"कन्नड? तुझे सासरे कन्नडमध्ये लिहायचे?" ती वाचू लागली आणि थांबली. "हे कन्नड नाहीये. मला काहीच समजत नाही."

"मराठी आहे. तू नुसतं मोठ्याने वाच. मला कळेल."

शिल्पाश्रीला मजा वाटली. डबा बाजूला सारून ती शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर लावत वाचू लागली. "म-ला... मला घरी न्या. मगळे, मला घरी न्या. ह्या नळ्या साकु." ती हसली. "साकु तर आमचा शब्द! पुरे म्हणजे. बरोबर?"

भार्गवी हसली नाही. "पुढे वाच."

"मशीन नको. मोहनला सांगितलं. तो ऐकत नाही. तू सांग. मला माझ्या पलंगावर... नि-ज-व. यानी क्या?"

"वाच तू."

शिल्पाश्रीचा आवाज आता उतरला होता. शब्द कळत नसले तरी समोरचा चेहरा तिला दिसत होता. शेवटची नोट छोटी होती. "भार्गवी पण हसून हो म्हणते," तिने वाचलं, "आणि नेत नाही."

कँटीनमध्ये कुणीतरी ट्रे आपटला. भार्गवीला त्या खोलीतली दुपार आठवली. अण्णांनी फोन तिच्यापुढे धरला होता आणि दाराकडे बोट केलं होतं. मोहन कधी येणार असं विचारताहेत, असं तिला वाटलं. तिने त्यांचा हात थोपटला, हसली, मान डोलवली आणि म्हणाली, "हो अण्णा, तुम्ही म्हणताय तसंच करतोय आम्ही." त्यांनी तिच्याकडे बघितलं होतं. मग फोन दूर सारून भिंतीकडे तोंड केलं होतं. थकले असतील, असं समजून तिने पांघरूण वर ओढलं होतं. त्यानंतर त्यांनी लिहिलं ते एवढंच.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा मोहन कपडे घड्या करत बसला होता. तिने फोन त्याच्यापुढे ठेवला.

"मिळाल्या," ती म्हणाली.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"वाच ना," ती म्हणाली. "सवय आहे तुला."

"भार्गवी, तुला कुणी..."

"ऑफिसातल्या मुलीने वाचलं. तिला मराठीतलं ओ की ठो कळत नाही. पण तिने लिहिलंय तेच वाचलं."

त्याने टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाला, "मला ते जायला नको होते. घरी आणलं असतं तर चार दिवसांत गेले असते. मशीनवर काहीतरी आशा होती."

"डॉक्टर नाही म्हणत होते."

"डॉक्टर काय, काहीही म्हणतात."

"मग मला खरं वाचून दाखवायचं आणि भांडायचं माझ्याशी. मला का फसवलंस?"

"कारण तू त्यांना घरी आणलं असतंस."

"हो," ती म्हणाली. "आणलं असतं."

तो रडायला लागला. एरवी ती उठून त्याच्याजवळ गेली असती.

"ते माझ्याकडे मागत होते, मोहन. मी हसत होते. त्यांच्या तोंडावर हसत होते मी. ते गेले ते मला खोटारडी समजून. ते आता कुणी दुरुस्त करायचं?"

"मी तुझ्यासाठीच उडवल्या गं. तुला कळलं असतं तर त्रास झाला असता."

"माझ्यासाठी नाही. अक्कांना कन्नड वाचता येतं म्हणून."



रविवारी सुनंदाअक्का आल्या. श्राद्ध झालं, पानं उठली. भार्गवीने फोन मोहनच्या हातात दिला. "अक्कांना तूच वाचून दाखव," ती म्हणाली, "जसं आहे तसं." त्याने सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी कशाबशा वाचल्या आणि फोन खाली केला. अक्कांनी फोन काढून घेतला, चष्मा लावला आणि ओठ हलवत स्वतः शेवटपर्यंत वाचलं.

"तू मला सांगितलंस, अण्णा लढतायत," त्या म्हणाल्या. "मी तिकडे रोज देवापुढे बसून म्हणत होते, त्यांना बळ दे." पुढे त्यांनी भावाला एक शब्द विचारला नाही. भार्गवीला मात्र जवळ ओढून म्हणाल्या, "तुला वाचता येत नव्हतं गं. तुझा काय दोष." भार्गवीने मान हलवली, पण ते तिच्या मनाला पटलं नाही. तिला ज्यांच्याकडून ते ऐकायचं होतं, ते ऐकवायला आता नव्हते. जेवणानंतर थांबायचं ठरलेलं असूनही अक्का दुपारच्याच गाडीने परत गेल्या.

मोहनने माफी मागितली, एकदा नाही, पुष्कळदा. भार्गवी त्याच्यासोबत राहते. दोघं एकत्र चहा पितात, ऑफिसला एकाच वेळी निघतात. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसणार नाही.

मागच्या आठवड्यात इमारतीच्या फाटकावर कन्नडमध्ये एक कागद लावला होता. मोहन वर येऊन म्हणाला, "उद्या पाणी येणार नाहीये, टाकी धुणार आहेत. भरून ठेवूया."

"बरं," ती म्हणाली. चपला घातल्या, समोरच्या घरातल्या भव्याला बोलावलं आणि तो कागद वाचून घ्यायला तिला फाटकापर्यंत खाली घेऊन गेली.

पाणी खरंच येणार नव्हतं. ती वर आली आणि बादल्या भरायला लागली.