पॅकेटात ओळखीला जागा नव्हती

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या डेस्कवर बसणाऱ्या ताईंना कामावरून निलंबित केलं, हे हॉस्पिटलच्या नेटवर्क इंजिनियरला कँटीनमध्ये कळलं. तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

आरोप सरळ होता. एका बाईचं ऑपरेशन चालू असताना अचानक रक्त लागलं आणि ताईंनी कॉम्प्युटरवरून रक्तपेढीला मागणी पाठवलीच नाही. ताई शपथेवर सांगत होत्या की पुन्हा पुन्हा पाठवली, स्क्रीनवर ‘पाठवली’ असं आलंसुद्धा. पण रक्तपेढीत काही पोचलं नव्हतं. शेवटी एक नर्स धावत तळमजल्यावर गेली, पिशव्या छातीशी धरून आली, म्हणून ती बाई वाचली. ताई मात्र बुडाल्या.

इंजिनियरला सगळे पाठीमागे ‘मिरची’ म्हणत. ती तडक यंत्रांच्या खोलीत गेली आणि त्या दिवशी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या निरोपांना वाट दाखवणारी यंत्रं, एकमेकांशी काय बोलले ते काढून बघू लागली.

हॉस्पिटलमधले राउटर शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे वागत. दर थोड्या वेळाने प्रत्येक जण शेजाऱ्याला एक पॅकेट, म्हणजे छोटीशी चिठ्ठी, धाडी: अमुक विभाग माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे. ज्याचं अंतर कमी, त्याच्या हाती निरोप द्यायचा. त्या दिवशी थिएटरच्या राउटरला दोघांनी रक्तपेढीचा पत्ता सांगितला होता. खरा रस्ता तीन टप्प्यांचा. दुसरा राउटर म्हणत होता, माझ्याकडून एकच टप्पा. हा दुसरा होता प्रशिक्षणाच्या खोलीत. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने नव्या लोकांना शिकवायला रक्तपेढीची, अगदी पत्त्यासकट, हुबेहूब नक्कल मांडली होती आणि तिची तार चालू नेटवर्कमध्येच खुपसली होती. ती नक्कल मागणी घ्यायची, म्हणून ताईंच्या स्क्रीनवर ‘पाठवली’ यायचं; पण प्रत्येक मागणी त्या रिकाम्या खोलीत जाऊन मेली होती.

राउटरने विश्वास का ठेवला? कारण पॅकेट राउटरांच्या या बोलण्याच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीचं होतं. त्यात पत्ता असतो, अंतर असतं, मधल्या जागा शून्यांनी भरलेल्या. सांगणारा कोण, हे पटवायला त्यात जागाच नाही. दुसऱ्या आवृत्तीत अगदी पहिल्या खणात परवलीचा शब्द घालता येतो. ती आवृत्ती घ्या म्हणून मिरचीने तिच्या विभागाच्या साहेबांपुढे वर्षभर घसा कोरडा केला होता. जुनी यंत्रं बदलावी लागतील म्हणून साहेबांनी दर वेळी हात झटकले होते.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आता कशाला उकरून काढता? ती पेशंट वाचली ना?”

“ताईंची नोकरी नाही वाचली.”

“कंपनीशी आपले संबंध चांगले आहेत. ताईंचं मी बघतो, दुसरीकडे कुठे चिकटवून देऊ.”

“त्यांनी काय केलंय म्हणून दुसरीकडे?”

साहेबांनी फोन उचलला. म्हणजे तिने जावं.

घरी येऊन तिने भांडी अशी आपटली की सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“त्या भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?”

तिने एका दमात सगळं ओकलं. राउटर, पॅकेट यातलं सासूबाईंना काही कळलं नाही. बाकीचं बरोबर कळलं.

“म्हणजे कुणीही उठून ‘मीच तो’ म्हणावं आणि तुमच्या यंत्रांनी मान डोलवावी?”

“हो.”

“आणि शिक्षा त्या बाईला. मग इथे माझ्या पातेल्यांवर का राग काढतेस? जिथे बोलायचं तिथे बोल की.”

ताईंच्या चौकशीच्या सुनावणीला ती न बोलावता गेली. साहेबांनी डोळ्यांनी दटावलं. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि समितीसमोर प्रशिक्षणाच्या खोलीतला, शिकवणी संपल्यावर बंद केलेला राउटर पुन्हा चालू करून दाखवला. ताईंनी डेस्कवरून मागणी पाठवली. स्क्रीनवर ‘पाठवली’ आलं. रक्तपेढीत काहीच आलं नाही. मग तिने तार उपसली, आणि थोड्या वेळाने पाठवलेली दुसरी मागणी व्यवस्थित पोचली. समितीच्या अध्यक्षबाईंनी दोन्ही मागण्यांची वेळ स्वतः लिहून घेतली.

ताईंना कामावर परत घेतल्याचा आदेश निघाला. त्यात लिहिलं होतं, ‘संशयाचा फायदा देऊन.’

मिरचीची कानशिलं तापली. “संशय? कसला संशय उरलाय आता?”

ताई आजवर मोठ्याने बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी कागद अध्यक्षबाईंच्या टेबलावर परत ठेवला.

“मला फायदा नको. मी बटण दाबलं होतं. तेवढं लिहा, मग मी खुर्चीत बसते.”

“ताई, पगार चालू होतोय, घ्या की,” साहेब म्हणाले.

“तुम्ही बोलू नका,” ताई म्हणाल्या.

आणि त्या घरी गेल्या. मिरचीने अध्यक्षबाईंचा पिच्छा पुरवला. जिन्यात गाठलं, पार्किंगमध्ये गाठलं. शेवटी ते वाक्य गेलं. त्या जागी ‘ताईंची कोणतीही चूक नव्हती’ असं आलं आणि ताई खुर्चीत येऊन बसल्या. जुनी यंत्रं बदलायलाही मंजुरी मिळाली, पण ती साहेबांच्या दूरदृष्टीमुळे मिळाली असं हॉस्पिटलच्या बातमीपत्रात छापून आलं.

मिरचीने ते वाचलं आणि साहेबांच्या केबिनचं दार न वाजवताच उघडलं.