खिडकीतली नळी

मनोहररावांनी खिडकीच्या कट्ट्यावरची रक्ताची नळी उचलली, दोनदा हलकेच उलटी-सुलटी केली आणि यंत्रात ठेवली. मग डाव्या बाहीचं बटण लागलेलं आहे ना, ते चाचपून पाहिलं.

"हा नमुना कोणाचा, सर?" संगणकासमोरून केयूरने विचारलं.

"नवीन आहे. नावाऐवजी नंबर घातलाय."

"तुम्ही माझा प्रोग्राम अजून तपासूनच राहिले! दोन वर्षं झाली, लग्नाच्या बायकोवरही इतक्यात भरोसा बसते."

मनोहरराव कसनुसं हसले. दारात डॉक्टर दामिनी उभ्या होत्या, हातात रितिकाचा डिस्चार्जचा कागद. रितिका नऊ वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. आठवडाभर खालच्या वॉर्डात होती. पुढचे पंधरा दिवस तिला दुखण्याचा झटका येणार नाही, असं केयूरच्या प्रोग्रामने तिचं रक्त पाहून सकाळीच सांगितलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून मनोहररावांची सही तेवढी राहिली होती.

"सर, तिच्या आईने ऑटोवाला थांबवून ठेवला आहे. उद्या तान्हा पोळा. पोरगी लाकडी बैल घेऊन तयार बसली. मलेच विचारते, सही करायले इतका वेळ लागते का?"

"पाय दुखतात का तिचे अजून?"

"नाही म्हणते." दामिनींनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "पण घरी जायचं असलं की कोण हो म्हणते, सर?"

"एवढा एक नमुना होऊ द्या."

मागच्या आठवड्यात कोराडीच्या वीजकेंद्राकडच्या गावांतून आलेला नमुन्यांचा डबा त्यांनी स्वतः उघडला होता. झाकणावर राखेचा पातळ थर होता; बोट फिरवलं तर रेघ उमटली. एवढी राख बसायला डबा किती वेळ वाटेत पडून असेल? ती रेघ त्यांच्या डोक्यातून जाईना. आजारी मुलांना प्रवास झेपत नसे, म्हणून त्यांचं रक्त गावाजवळच काढून बसने इथे येई. बरी मुलं स्वतः येत, त्यांचं रक्त लगेच तपासलं जाई. याच नमुन्यांवरून प्रोग्राम झटका ओळखायला शिकला होता. आणि नळीत बंद केलेल्या रक्तातल्या पेशीही जिवंत असतात, साखर खात राहतात. मग प्रोग्रामला सापडलेली खूण आजाराची होती, की बसमध्ये गेलेल्या वेळेची?

केयूरला बस माहीत नव्हती. मनोहररावांना गणित कळत नव्हतं. एकमेकांच्या कामात तोंड घालायचं नाही, इतका आदर दोघांनी दोन वर्षं सांभाळला होता.

रितिकाचं रक्त खाली वॉर्डातच काढलेलं. ताजं. वॉर्डातल्या प्रत्येक मुलाचं ताजंच असणार, आणि प्रोग्राम प्रत्येकाला घरी पाठवणार.

हे बोलावं असं त्यांच्या पुष्कळदा ओठांवर आलं होतं. पण लावलेलं कुलूप परत येऊन ओढून बघणारा माणूस आपण. ही शंकाही तसलीच असेल, असं वाटून ते गप्प राहिले होते.

यंत्राची घरघर थांबली. पडद्याकडे पाहता पाहता केयूरचं हसू गेलं.

"सर, सकाळी तुम्ही दिलेला नमुना तर एकदम नॉर्मल होता. पण हा लालमध्ये आहे. पूर्ण लाल. याले आजच भरती करा लागते." त्याने टेबलावरचा फोन जवळ ओढला. "मोबाइल नंबर सांगा पेशंटचा. लवकर."

मनोहररावांनी सकाळपासून एक वाक्य तयार ठेवलं होतं.  त्याऐवजी त्यांनी एकेक आकडा सांगितला. केयूर दाबत गेला.

रिंग खोलीतच वाजली. मनोहररावांच्या खिशात.

केयूरने रिसीव्हर कानापासून दूर केला, पण खाली ठेवला नाही.

"सर?"

मनोहररावांनी बाहीचं बटण काढलं. कोपराच्या आतल्या बाजूला कापसावर चिकटपट्टी होती.

"आणि सकाळचा?"

"तोही माझाच. दोन्ही एका वेळी काढले. हा फक्त दुपारपर्यंत खिडकीत राहिला."

खिशातला फोन वाजतच होता. दामिनींनी डिस्चार्जच्या कागदाची घडी घातली आणि ती कोटाच्या खिशात सारली.

"मी त्या माऊलीले काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी येतो."

केयूरने आता रिसीव्हर ठेवला. पडद्यावरच्या लाल चौकोनाकडे बघत त्याने हळू आवाजात विचारलं, "सर, कोराडीचा डबा इथे पोहोचायले किती वेळ लागते?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला होता.

"चल खाली. चालता चालता सांगतो."

तिघं जिन्यापाशी आले. वॉर्डाच्या व्हरांड्यातून फरशीवर लाकडी चाकांची खडखड ऐकू येत होती. कोणीतरी बैल ओढत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मनोहररावांनी कठड्याला हात लावला.

खडखड मध्येच थांबली.

ते कान देऊन उभे राहिले. ती पुन्हा सुरू होईना. मग त्यांच्या शेजारून केयूर दोन-दोन पायऱ्या टाकत खाली धावला.