नसलेल्या गल्लीतला दिवा

बिट्टीला संघात चार माणसं हवी होती आणि वर्गातली बरी माणसं आधीच संपली होती. म्हणून तिने घरातली घेतली. तसं तिने तोंडावर सांगितलंही.

"तुम्ही माझी पहिली पसंती नव्हतात," ती जेवता जेवता म्हणाली. "पण आता तुम्हीच उरलात."

खेळ मोबाइलवरचा होता. पडद्यावर आपलंच गाव दिसायचं, पण सगळं करड्या धुक्याखाली. ज्या रस्त्याने आपण पायी जाऊ, तेवढ्यावरचं धुकं विरायचं आणि खालची घरं, झाडं, पूल उजळायचे. महिनाभरात अख्खं गाव उजळायचं. अट एकच. चौघंही एकमेकांपासून वीस पावलांच्या आत हवेत. एक जण जरी मागे राहिला तरी धुकं ढिम्म हलायचं नाही. ज्याने हा खेळ काढला त्याला घरदार नसावं, असं आईचं मत पडलं.

आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. गावातला रस्ता न् रस्ता तिला पाठ होता, पण तो शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पाय जादा ब्रेकवर ठेवून. पायी चालतानाही कोपरा आला की तिचा पाय आपोआप दाबला जायचा, ती जागच्या जागी थांबायची आणि मागून येणारे तिचे वडील तिच्यावर आदळायचे.

हे वडील म्हणजे बिट्टीचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी केस कापायचं दुकान चालवलं होतं. समोरून आलेल्या माणसाला ते ओळखत नसत. तो पुढे गेला आणि मान दिसली, की मात्र त्याचं नाव, गाव आणि टकलाचा सगळा इतिहास बाहेर पडायचा. "आत्ता गेला ना, तो," ते हळूच सांगायचे, म्हणजे फक्त पलीकडच्या फुटपाथपर्यंत ऐकू जाईल एवढ्या हळू, "त्याला मागचे केस पुढे वळवायला मी शिकवलं. तेव्हा कुठे लग्न जमलं."

आणि बाबा. बाबा नगरपालिकेच्या नकाशा विभागात होते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी गावाचा मोठा नकाशा स्वतःच्या हाताने काढला होता. तो सगळ्या शाळांच्या भिंतींवर लागला होता, आणि तेव्हापासून गावाबद्दल त्यांना कोणी काही सांगितलेलं खपत नसे. रविवारीसुद्धा ते गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून निघायचे. न जाणो, एखाद्या रस्त्याने ओळख विचारली तर.

पहिल्या रविवारी ते चौघं अर्ध्या तासात तीनदा भांडले. दुसऱ्या रविवारी बर्फाच्या कारखान्यामागे त्यांना एक तळं सापडलं, जे फक्त बाबांना माहीत होतं. ते माहीत असल्याचं बाबांनी पुढचे सहा दिवस ऐकवलं. तिसऱ्या रविवारी एका उतारावर आईचा जुना विद्यार्थी गाडी मागे घेताना दिसला, तशी आई रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्याला चाक कुठे वळवायचं ते ओरडून सांगू लागली. तो घाबरून कुंपणावर गेला. बिट्टीने सगळ्यांना सांगून टाकलं की आपण एकमेकांना ओळखत नाही असं दाखवत चालू या, पण वीस पावलांच्या आत.

चौथ्या रविवारी त्यांचं नव्व्याण्णव टक्के गाव उजळलं होतं. समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचं कुटुंब पुढे होतं. ते चौघं रोज सकाळी एकसारखे बूट घालून निघायचे आणि सगळे दात दाखवून हात हलवायचे. त्यांना गाठायचं तर एकच करडी रेघ उरली होती, टायरच्या दुकानाच्या आणि लॉन्ड्रीच्या मधे.

"ते चुकीचं आहे," बाबा म्हणाले. "तिथे भिंतीला भिंत लागून आहे. मधे काही नाही."

"मग खेळात कशाला आहे?"

"खेळाला काय कळतंय? वरून फोटो काढतात, सावलीला गल्ली समजतात. मी काढलाय तो भाग."

तरी सगळे गेले. दुकानाशी खांद्याएवढी जुन्या टायरांची चळत होती, शेजारी विजेची पेटी. बाबा त्या दिशेला बोट दाखवून भिंतीला भिंत कशी असते ते समजावत होते, तेवढ्यात त्या बोटासमोरून हॉर्न वाजवत एक स्कूटर बाहेर आली. मागे बसलेल्या बाईंनी "जरा सरकून" म्हटलं आणि स्कूटर निघून गेली.

आजोबांनी आधी स्कूटरवाल्याची मान पाहिली. "नाही," ते म्हणाले. "हा माझ्याकडे कधी आला नाही."

टायरांच्या मागे गल्ली होती. एक स्कूटर जाईल एवढीच रुंद, पण चांगली लांब. दोन्ही बाजूंना मिळून सात दारं, वर एका खिडकीतून दुसरीकडे ताणलेल्या दोऱ्यांवर कपडे, मधेमधे उखडलेल्या फरश्या. तिसऱ्या दारासमोर साठीच्या पुढच्या एक बाई स्टुलावर बसून वेताची खुर्ची विणत होत्या. बादलीत वेत भिजत पडला होता. त्यांनी मान वर केली, बाबांच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि हातातला वेत खाली ठेवला.

"आलात एकदाचे," त्या म्हणाल्या. "बसा, कागद घेऊन येते. त्या खुर्चीवर नका..."

बाबा बसले होते. ती खुर्ची अजून अर्धीच विणून झाली होती. बाबा कमरेपर्यंत आत गेले, गुडघे हनुवटीला टेकले आणि ओळखपत्र तोंडावर आलं.

"असेच राहा," बाई म्हणाल्या. "ओढाल तर वेत तुटेल. आले मी."

त्या आतून एक जाडजूड फाइल घेऊन आल्या. गल्लीत दिवा नाही. संध्याकाळ झाली की उखडलेल्या फरशीला लोक अडखळतात. टोकाच्या घरातल्या मास्तरांचं मनगट त्यात मोडलं. म्हणून त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला होता, आणि एकदा नव्हे, अकरा वेळा. दर वेळी उत्तर आलं होतं. आजोबांनी चष्मा लावला आणि दुकानात पेपर वाचून दाखवायचे त्या आवाजात सुरुवात केली.

"'आपल्या अर्जात नमूद केलेली गल्ली नकाशात आढळून येत नाही. सबब, अस्तित्वात नसलेल्या जागी दिवा बसवता येत नाही. कळावे.'" त्यांनी पान उलटलं. "दुसऱ्यातही हेच. तिसऱ्यातही. चौथ्यात 'कळावे' विसरलेत." मग ते थांबले. "सही मोठी वळणदार आहे, जावईबुवा."

आईने कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"ऑफिसात सह्या करणारे पुष्कळ आहेत," खुर्चीतून आवाज आला.

"बाबा, ही तुझीच सही आहे," बिट्टी म्हणाली. "मी तीन वर्षं गिरवतेय. तो शेवटचा फराटा मला अजून जमत नाही."

"काय करतेयस तीन वर्षं?" आईने विचारलं.

"ते घरी बोलू."

खुर्चीत अडकलेल्या माणसाला तोंड लपवायला फार जागा नसते. बाबांनी एकदा उठायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"नकाशा दोन कागदांवर होता," ते म्हणाले. "मोठे कागद. मधे जोड. चिकटवताना एक कागद दुसऱ्यावर दोन बोटं जास्त गेला. मला दिसलं होतं. शनिवार होता, गोंद वाळत आला होता. म्हटलं, दोन बोटांत असं काय असणार."

"सात घरं," बाई म्हणाल्या.

वरच्या दोरीवरून एक मोजा खाली पडला.

"आणि अर्ज आला तेव्हा?" आईने विचारलं. तिचा आवाज शांत होता. परीक्षेत नापास होणाऱ्यांशी ती याच आवाजात बोलायची.

"पहिला आला तेव्हाच कळलं होतं मला. पण तोवर नकाशा छापून झाला होता. सगळ्या शाळांत लागला होता."

"आमच्या वर्गात पण आहे," बिट्टी म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवला होता." एवढं बोलून ती टायरांच्या दिशेने चालू लागली. पंधरा पावलांवर थांबली, पण वळली नाही.

बाईंनी त्यांना शिव्या दिल्या असत्या तर बाबांना बरं वाटलं असतं. त्यांनी मात्र कमरेवर हात ठेवून नुसतं पाहिलं. "आता उठा," त्या म्हणाल्या.

"उठता येत नाही."

मग आईने एक हात धरला, आजोबांनी दुसरा, बाईंनी खुर्ची. तिसऱ्या हिसक्याला बाबा सुटले आणि आजोबांच्या अंगावर गेले. बिट्टीने मागे वळून पाहिलं आणि तिला हसू आलं. ते तिला येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून ते नाकातून आलं.

बाईंकडे मापाची फीत होती. बाबांनी ती मागितली. एक टोक बिट्टीने धरलं, दुसरं बाबांनी, आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी गल्ली मोजली. आजोबा आकडे मोठ्याने सांगत गेले, आई ते लिहून घेत गेली. सातही दारं उघडली आणि माणसं उंबऱ्यात येऊन आपल्या दाराची रुंदी तपासून घेऊ लागली. मास्तरांनी तर दोनदा मोजायला लावली.

मोबाइलची आठवण शेवटी झाली. गाव शंभर टक्के उजळलं होतं. क्रमांक दुसरा.

"परवा आणखी एक कुटुंब आलं होतं," बाई म्हणाल्या. "एकसारखे बूट. फोनकडे बघत टोकापर्यंत गेले, फोनकडे बघत परत गेले. मी विचारलं, काय पाहिजे, तर हसले."

"दात दिसले?" आजोबांनी विचारलं.

"सगळे."

सोमवारी बाबा मोजमापं घेऊन साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस होता. त्याने दार लावून घेतलं आणि सुचवलं, की सदर गल्ली नव्याने निर्माण झाली असं लिहा, म्हणजे कोणाच्या अंगाशी यायला नको. बाबांनी खुर्चीच्या कडेवर बसून विचार केला. आदल्या दिवसापासून ते सगळ्या खुर्च्यांच्या कडेवरच बसत होते. मग त्यांनी लिहिलं, की गल्ली पूर्वीपासून आहे, चूक माझी आहे, आणि ती मला माहीत होती.

मेमो मिळाला. बढती लांबली. शिवाय गावातल्या चौदा शाळांत जाऊन त्यांनी स्वतः नकाशावर दुरुस्तीची पट्टी चिकटवायची, असं ठरलं. बिट्टीच्या शाळेचा दिवस आला तेव्हा तिने पोट दुखत असल्याचं सांगून पाहिलं. आईने ब्रेक दाबल्यासारखं तिच्याकडे पाहिलं, तशी ती गेली. वर्गासमोर बाबा स्टुलावर चढले. एका मुलीने विचारलं, "काका, ही गल्ली आधी का नव्हती?" बाबा म्हणाले, "मी आळस केला." वर्ग हसला. बिट्टी उठली आणि तिने स्टूल धरून ठेवलं, कारण ते खरंच डुगडुगत होतं.

दिवा तीन महिन्यांनी आला. वायरमनने तो भर दुपारी तिसऱ्या दाराच्या वर भिंतीला बसवला. सातही घरांतली माणसं बाहेर आली, आजोबा दाढी करून आले, आई दोन शिकाऊंना गाडीसकट टायरवाल्यासमोर उभं करून आली. वायरमनने खटका दाबला आणि विचारलं, "लागला का?"

सगळ्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. डोक्यावर सूर्य होता. लागला की नाही, काही कळेना. बाबा म्हणाले लागलाय, मास्तर म्हणाले नाही, आणि आजोबांना वायरमनची मान ओळखीची वाटत होती. बाईंनी शेवटी घरातून स्टूल आणलं, त्यावर चढून दिव्याच्या काचेजवळ तळहात नेला आणि थोडा वेळ तसाच धरला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.