हिच्यात गाडी लागती का?

बसवंत खानापुरेनं गाडी घेतली, तेव्हा अख्ख्या रेणापुरानं त्याला एकच प्रश्न विचारला : "ॲव्हरेज काय देती?"

सात जणांची, पांढरी शुभ्र, वर काचेचं छत असलेली गाडी भांड्याच्या दुकानापुढं उभी राहिली. शेजारपाजारचे दुकानदार तिच्याभोवती अशा फेऱ्या मारू लागले, जणू बाजारात म्हैस बघायला आलेत. कुणी टायरला लाथ मारून बघितली, कुणी दार उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं. बसवंतला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्याचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्यानं लातूरच्या शोरूममध्येच विचारून घेतला होता. टाय लावलेला सेल्समन अर्धा तास स्क्रीन दाखव, छत उघडून दाखव असं करत होता. शेवटी बसवंत म्हणाला, "ते समदं ठीक हाय हो. हिच्यात गाडी लागती का, तेवढं सांगा."

"लागते की सर! कितीही अरुंद जागेत लागते. मागं कॅमेरा आहे ना."

बसवंतनं कपाळावर हात मारून घेतला.

गाडी लागायची ती त्याच्या आईला, गंगम्माला. लागायची म्हणजे अशी तशी नाही. एस.टी. लांबून दिसली तरी तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते भजी बघून सुटतं तसलं पाणी नव्हे. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं. वर्तमानपत्रं वाया गेली, फरक शून्य.

अकरा वर्षांखाली माहेरी, उमरीला, तिथंच दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीच्या, पार्वतम्माच्या लेकाचं लग्न होतं. गंगम्मा जीपमधून मांडवाच्या दारात उतरली आणि उतरल्या उतरल्या जे व्हायचं ते नवरीच्या आत्याच्या नव्या कोऱ्या साडीवर झालं. मांडवात कुणीतरी म्हणालं, "आली का उलटीवाली मावशी?" लोक खो खो हसले. गंगम्मा लग्नभर आतल्या खोलीत पडून राहिली. परत आल्यावर तिनं जाहीर केलं, "आता वाहनात पाय ठेवणार न्हाई. मेल्यावर कशातबी न्या, तवा काय मला लागणार न्हाई." त्या दिवसापासून पायी जाता येईल तेवढंच तिचं जग उरलं.

उमरी काही पायी जाण्याजोगी नव्हती. आणि दोन वर्षांखाली पार्वतम्मा अंगणात पाय घसरून पडली, खुबा मोडला, ती खाटेला खिळली. आता तिच्यानं येणं नाही, हिच्यानं जाणं नाही. रोज सकाळी सात वाजता फोन. "गंगू, कधी येतीस?" "येते की अक्का." रोज तेच, दोन वर्षं तेच. घरातल्यांना त्या दोन वाक्यांची इतकी सवय झाली होती की घड्याळ बघायची गरज पडत नसे.

गेल्या महिन्यात एके सकाळी बसवंत दाढी करत होता. फोन आला, बोलणं झालं, फोन ठेवला गेला. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं, तिसऱ्याही दिवशी ऐकलं. मग त्यानं बायकोला, सुकन्याला, हळूच विचारलं, "अक्कामावशी आजकाल 'कधी येतीस' म्हणत न्हाई का?"

"न्हाई," सुकन्या म्हणाली. "आठ दिवस झाले. इचारायचं सोडलंय त्यांनी."

 माणूस विचारायचं सोडतो म्हणजे काय, हे बसवंतला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात तो लातूरला गेला आणि आजवर जपून ठेवलेलं सगळं घालून गाडी घेऊन आला.

गंगम्माला तयार केलं ते सुकन्यानं. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "अव्वा, मावशींनी इचारायचं सोडलंय, तुमच्या ध्यानात आलंय का?"  दुसऱ्या दिवशी सकाळी गंगम्मा न्हाऊन, कपाळाला विभूती लावून बाहेर आली. गाडीच्या बोनेटवरही तिनं विभूतीचे तीन पट्टे ओढले. हातात सहा प्लॅस्टिकच्या पिशव्या, चार लिंबं, ओव्याची पुडी.

"चला," ती म्हणाली. तोंड असं, की फाशीला निघाली.

सोबतीला बसवंतची बहीण स्वप्नाली आणि तिचा नवरा राजशेखर. राजशेखरदाजींकडे सहा वर्षांपासून गाडी होती, म्हणून गाड्यांच्या बाबतीत ते स्वतःला ब्रह्मदेव समजायचे. घराण्याचे एकुलते एक जावई, तेव्हा पुढची सीट त्यांची. ती कुणी ठरवली नव्हती, ती होतीच. लग्नाला वीस वर्षं झाली, कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं कुणाला आठवत नव्हतं. गंगम्मा मधल्या ओळीत खिडकीला, शेजारी सुकन्या, तिच्या पलीकडं स्वप्नाली. काचा बंद, एसी चालू.

"क्लचला जरा जड वाटून राहिली," दाजी म्हणाले. "सस्पेन्शन मात्र बरं हाय. अव्वांना कळणार बी न्हाई गाडीत हायत म्हणून."

चाकूर यायच्या आत अव्वांना कळलं. बसवंतनं आरशात बघितलं. गंगम्मानं डोळे मिटले होते, सुकन्याचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते. त्यानं झटकन गाडी बाजूला घेतली. गंगम्मा खाली उतरली, झाडाला धरून उभी राहिली. उलटी झाली नाही, पण उंबरठ्यावर येऊन थांबली होती.

"मला इथंच सोडा," ती म्हणाली. "मी रिक्षानं माघारी जाते." मग थांबून म्हणाली, "न्हाई, रिक्षाबी लागती. पायीच जाते."

"मी म्हटलंच होतं," दाजी खिडकीतून बोलले. "काही लोकांच्या रक्तातच असतं ते."

बसवंतला रडू फुटायच्या बेतात होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, हमरस्त्यावर, नव्या गाडीला टेकून. गाडी कसली, पांढरा हत्ती आणून बांधला दारात! आता उद्या सकाळी सात वाजता फोन येईल आणि कुणी काही विचारणार नाही. हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

सुकन्या सासूला पाणी देत होती. सहज म्हणाली, "अव्वा, तुम्ही ल्हानपणी उमरीहून बैलगाडीनं जत्रेला जायच्या म्हणता. ती कशी लागत न्हवती?"

"ती कशी लागंल?" गंगम्मानं डोळे उघडले. "बैलगाडी मी हाकायची की! आप्पा मागं झोपायचे, अक्का त्यांच्या बाजूला, अन् कासरा माझ्या हातात. हाकणाऱ्याला कुठं गाडी लागती व्हय?"

बसवंतनं ते ऐकलं. हाकणाऱ्याला गाडी लागत नाही! अगं आई गं! आयुष्यभर हिला मागं कोंबली, खिडकीशी बसवली, डोळे मिटून घे म्हणून सांगितलं. जिला रस्ता दिसायला हवा, तिलाच सगळ्यांनी मिळून आंधळी करून बसवली होती.

तो तरातरा गेला आणि पुढचं दार उघडलं.

"दाजी, मागं बसा."

स्वप्नालीनं तोंडावर हात ठेवला. सुकन्या झाडाच्या शेंड्याकडं बघू लागली. दाजींना आधी ते नीट ऐकूच आलं नाही. "मी?"

"तुम्हीच. पार मागच्या ओळीत बसा, पाय पसरायला जागा हाय. पुढं अव्वा बसंल."

दाजी उतरले. पँट झटकली ती अशी, की वीस वर्षांचा मान त्यांनी तिथंच रस्त्याच्या कडेला सांडला. मागच्या ओळीत वाकून शिरताना त्यांचं डोकं छताला आपटलं, आणि त्याचंही त्यांनी कुणाला ऐकू येऊ दिलं नाही.

गंगम्मा पुढं बसली. दारावरची मूठ डाव्या हातानं कासऱ्यासारखी धरली. काच खाली करायला लावली. पदर कमरेला खोचला. समोर सगळा रस्ता पसरला होता, तो तिनं एकदा डोळे भरून बघून घेतला.

"हं. चल."

आणि मग काय विचारता! "हळू घे... म्हैस हाय... जाऊ दे तिला, तिला काय घाई हाय... उसाचा टॅक्टर, उजवीकडनं काढ... आता न्हाई रे बसवंता, समोरून ट्रक येतोय, डोळे हायत का बटाटे?... आता काढ!" बसवंत चालवत होता म्हणायचं एवढंच. गाडी गंगम्मा हाकत होती. अहमदपुरापर्यंत बसवंत वैतागला होता, लोह्यापर्यंत सरावला. नांदेडला गोदावरीच्या पुलावर गंगम्मा वळून म्हणाली, "सुकन्या, धपाटे कुठं हायत गं? भूक लागली."

भूक लागली! बसवंतनं स्टिअरिंगवर हात आपटला, तो नेमका हॉर्नवर बसला आणि पुढचा स्कूटरवाला दचकून शिव्या देत बाजूला झाला. बसवंतला त्या शिव्यासुद्धा गोड लागल्या.

नांदेड सोडलं आणि रस्त्यानं खरं रूप दाखवलं. "खड्डा! धरा!" गंगम्मा पुढून ओरडायची. ते ऐकून मधल्या दोघी धरायच्या. मागच्या ओळीपर्यंत आवाज पोचायचा तोवर खड्डा होऊन गेलेला असायचा. मुदखेडपासून मागून सस्पेन्शनची माहिती येणं बंद झालं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

उमरीला पार्वतम्माची खाट ओसरीवर आणून ठेवली होती. तिनं सगळी तयारी करवून घेतली होती. पायरीशी बादली, तांब्यात पाणी, कापलेलं लिंबू, बदलायला धुतलेलं लुगडं. अकरा वर्षांखालचा अनुभव होता. तिचा लेक सिद्धेश्वर बादली हातात घेऊनच दारात उभा होता.

गाडी थांबली. पुढचं दार उघडलं आणि गंगम्मा उतरली. साडीला चुणी नाही, कपाळावरची विभूती जशीच्या तशी, ओठाच्या कडेला धपाट्याचा कण. ती बादलीला वळसा घालून ताठ चालत ओसरीवर गेली.

"अक्का, आले."

पार्वतम्मानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गंगू... लागली न्हाई?"

"गाडी मला लागली न्हाई अक्का. आज मीच गाडीला लागले!"

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. राजशेखरदाजी तोंडावर रुमाल धरून बाहेर आले, सिद्धेश्वरच्या हातातली बादली हिसकावली आणि भिंतीकडं धावले. मग जो आवाज आला, तो गल्लीनं ऐकला. पार्वतम्मा हसता हसता खाटेवर कलंडली. गंगम्मा हसली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि हसण्याचं रडणं कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. मग गंगम्मानं उठून ते कापलेलं लिंबू स्वतः जावयाच्या हातात नेऊन दिलं. "घ्या जावईबापू. मागं बसलं की व्हतं असं. लाज न्हाई वाटू द्यायची."

माहेरी उतरल्या उतरल्या गंगम्मा गरम जेवायला बसली, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, दुसरा वाडगा चालू असताना बसवंतचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"सर, शोरूममधून अक्षरा बोलतेय. गाडीचा पहिला अनुभव कसा वाटला? दहापैकी किती गुण द्याल?"

"ताई, माझ्या अव्वाला गाडी लागली न्हाई!"

"अरे बापरे! कुणाला लागली सर? जास्त लागलंय का? इन्शुरन्सचा नंबर देऊ?"

"अवो, लागली न्हाई म्हणून तर सांगून राहिलो!"

गंगम्मानं हात पुढं करून फोन घेतला. "बाई, अकराच्या अकरा लिही."

"आजी, दहापैकीच असतात."

"मग दहा लिही अन् एक तुझ्यापाशी राहू दे."

चारच्या सुमाराला पार्वतम्मा ओसरीवरून गाडीकडं बघत होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "गंगू, दोन वर्षं झाली, मी दाराच्या भायेर गेले न्हाई. महादेवाच्या देवळापत्तर नेताल का मला?"

सिद्धेश्वर आणि बसवंत उठले. खुर्चीत बसवून तिला गाडीपर्यंत आणलं. पण मोडलेला खुबा, पाय वाकेना. मधल्या सीटवर चढवणं जमेना. बसवंतनं पुढची सीट मागं सरकवून बघितली, पाठ तिरकी केली. तिथं मात्र ती बरोब्बर बसत होती.

 पुढची सीट एकच. सुकन्यानं सासूकडं बघितलं. "अव्वा, तुम्ही ऱ्हावा घरी. आम्ही नेऊन आणतो."

गंगम्मा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्या सहातली एक प्लॅस्टिकची पिशवी होती, सकाळपासून न उघडलेली. तिनं मागचं दार उघडलं.

"अव्वा, मागं बसलीस तर लागंल," बसवंत म्हणाला.

"लागली तर लागली!" गंगम्मा चढून बसली. दोन सीटांच्या मधून हात घालून तिनं बहिणीच्या खांद्यावर ठेवला. "अक्का, कासरा आज तुझ्याकडं. सांग तुझ्या भाच्याला."

पार्वतम्मानं डाव्या हातानं वरची मूठ धरली, काच खाली करायला लावली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चल रे बसवंता. हळू घे. म्होरं खड्डा हाय. गंगू, धर!"

गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बघू लागली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना खड्डे सांगत, हसत, ओरडत निघाल्या. गाडी महादेवाच्या देवळापुढं लागली. गंगम्माला लागली का नाही, ते विचारायचं कुणाला आठवलंच नाही.