तुळशीचा उपास

अंबाजीनं आयता रेडिओ आणला, तेव्हा सारी मळवली तो ऐकायला लोटली. कोंडाजीनं मात्र त्याच्या मागची फळी काढून आत डोकावायची परवानगी मागितली. अंबाजीनं हाकललं, आणि तेव्हापासून या गड्याच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला: रेडिओ आपला आपण जोडायचा.

"आयता बंद पडला की नुसत्या थापट्या मारायच्या," तो बायकोला, नंदाबाईला सांगे. "आपल्याला आतलं समदं ठावं पायजे."

पुण्याहून सुटे भाग आणून त्यानं ते पत्र्याच्या डब्यात जोडले. ऐकायला कानात घालायची एकच गोळी. एक तार आंब्यावर चढवली, दुसरी ओल्या मातीत खुपसली; ओल नसली की आवाज नाही. ओली माती म्हणजे दारची तुळस. नंदाबाई तिला रोज पाणी घाले. आणि काय नवल, डबडं बोललं की!

म्हणून धाकटी बहीण सरू आकाशवाणीवर ओव्या गाणार हे कळल्यावर नंदाबाई अंबाजीकडे गेली नाही, घरीच बसली. सरू लग्न होऊन लांब गेलेली. तिच्या आवाजासाठी नंदाबाईचा जीव तुटत होता.

नेमकं त्या वेळी डबडं मुकं. कोंडाजी एकेक सांधा हलवून घामाघूम झाला.

"अवं, आज एकादशी," नंदाबाई एकदम म्हणाली. "तुळशीला पानी न्हाई घातलं. तिचा उपास."

"मग घाल की तांब्याभर!"

"तिचा उपास मोडू व्हय?"

पण ओल तर हवीच होती. तिनं तार उपटली आणि घरातल्या मोरीकडे ओढली. तार हातभर कमी पडली. मग तीच ओल्या मोरीत अनवाणी उभी राहिली आणि टोक मुठीत धरलं.

"आली! सरू आली!" कोंडाजी गोळी कानात दाबून ओरडला. "तुजं नाव घेतलं ओवीत!"

नंदाबाईनं तार टाकली. ती धावली, तर आवाज गेला.

"तुमी ऱ्हावा मोरीत!"

कोंडाजी तार धरून उभा राहिला. नंदाबाईच्या कानात सरू उतरली. माहेरी जात्यावर बसल्यावर घ्यायची तसाच मधे दम घेत होती. 'मळवलीची माझी नंदा' म्हणाली, आणि नंदाबाई रडू लागली.

"येतंय का?" कोंडाजीनं विचारलं.

"हालू नगा!"

तो शेवटपर्यंत हलला नाही. कार्यक्रम संपल्यावर ओशाळून म्हणाला, "आयताच घेऊ आता."

नंदाबाईनं पदरानं डोळे पुसले. "नगं. त्यात तुमी कुटं उभं ऱ्हानार?"